सगळ्यांक पांच घाल

पणजीच्या एका कॉलेजात एमबीएच्या पोरांना रिसर्च मेथडॉलॉजी शिकवतो. कॉलेजचं नाव नको, कारण पुढे जे सांगतोय त्यात लाज माझीच आहे.

एप्रिल महिना म्हणजे आमच्याकडे प्रोजेक्टचा शिमगा. रोज दोन-तीन जण लॅपटॉप काखेत मारून केबिनबाहेर उभे, सर एसपीएसएसमध्ये (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) काय दाबू, सर पी व्हॅल्यू 0.06 आलीय आता काय करू (ती 0.05 च्या खाली यावी असं सगळ्यांना वाटतं; काय करणार, तशीच लिही). त्यात पेडण्याची एक मुलगी होती. विषय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या विक्रेत्या बायका आणि यूपीआय. विषय मला आवडला होता, कारण बाकी अर्ध्या वर्गाने 'ऑनलाइन शॉपिंगबद्दल तरुणांचं मत' घेऊन आपापल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवला होता. ही चार शुक्रवार उन्हात फिरली आणि 160 फॉर्म भरून आणले. सॉरी म्हणाली, सर, 384 नाही झाले.

निदान 384 जणांना विचारायलाच हवं, हे खूळ आम्ही मास्तरांनीच लावलंय. 1.96 चा वर्ग गुणिले 0.25, भागिले 0.05 चा वर्ग, उत्तर 384.16, 1970 सालचा एक तक्ता आहे त्यात मोठ्या लोकसंख्येसमोर हाच आकडा, आणि पोरं तो शेंदूर फासल्यासारखा प्रत्येक रिपोर्टला फासतात. पण तो हिशोब रँडम सॅम्पलचा, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी माणसं असतील तेव्हाचा. बाजारात जी बाई बोलायला तयार झाली तिलाच विचारलं तर 384 काय नि 160 काय.

असो. तर तिने आउटपुट दाखवलं. क्रॉनबॅकचा अल्फा 0.97. हे 1951 सालचं माप, फॉर्ममधल्या चौदा प्रश्नांची उत्तरं (1 ते 5, 5 म्हणजे एकदम मान्य) एकमेकांना धरून आहेत का ते सांगतं, 0.7 च्या वर गेलं की पोरं खुश. पण 0.97 म्हणजे जरा जास्तच धरून, ते बघून माझं डोकं ठणकलं. डेटा शीट उघडायला सांगितली. ओळीच्या ओळी 5 5 5 5 5. मधेच एक बाई, सगळीकडे 4. परत 5 5 5. आणि चौदापैकी तीन प्रश्न मीच उलटे घालायला लावले होते, म्हणजे एकीकडे 'क्यूआर कोडने पैसे घेणं सोपं जातं' आणि दुसरीकडे 'क्यूआर कोडमुळे त्रास होतो', दोन्हीला 5. असल्या प्रश्नांची उत्तरं आधी उलटवायची असतात, 5 चा 1, 4 चा 2, ते तिने केलं नव्हतं. उलटवून परत काढला तर अल्फा 0.77. म्हणजे बघा, असला डेटा असूनही 0.7 च्या वरच! मी आधीचा आकडा बघितला नसता तर 'स्वीकारार्ह' म्हणून सही करून मोकळा झालो असतो.

मी सरळ म्हटलं, घरी बसून एक्सेलमध्ये एकच आकडा ओढलास ना खाली? ती काहीच बोलली नाही. मीही तावात होतो, त्याच दुपारी इंटर्नलचे मार्क पाठवायचे होते, तिला 25 पैकी 9 घातले आणि पाठवले.

दुसऱ्या दिवशी ती दोन प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आली. टेबलावर ठेवल्या तसा केबिनभर सुक्या बांगड्याचा वास. 160 कागदी फॉर्म, काहींवर हळदीची बोटं, काही पाण्याने फुगलेले, एकाच्या मागे कुणीतरी मिरचीचा हिशोब केलेला. म्हणाली, सर, शुक्रवारी या म्हापशाला. एवढंच.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली की जिला खोटंच भरायचं असतं ती 160 वर थांबून सॉरी कशाला म्हणेल, सरळ 384 भरून आली असती.

शुक्रवारी पणजीहून कदंबची शटल बस पकडली. पुरुमेंताचे दिवस, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, त्यामुळे सुकी मासळी, हरमलची मिरची, कोकमं, चिंच, पाय ठेवायला जागा नाही. (हेही तिच्या रिपोर्टमध्ये नव्हतं, की गर्दीच्या हंगामातले शुक्रवार आणि श्रावणातले शुक्रवार एक नसतात. माझ्याही लक्षात आलं नव्हतं.) सुक्या मासळीवाल्या एका म्हातारीसमोर मी फॉर्म घेऊन उकिडवा बसलो. पैसे घेणं सोपं जातं? सोपें. एक ते पाचात किती? तिने माझ्याकडे बघितलं, मागे दोन गिऱ्हाइकं उभी, म्हणाली, "पांच घाल." पुढचा प्रश्न वाचेपर्यंत, "सगळ्यांक पांच घाल रे पुता."

मी हट्टाने उलटा प्रश्न विचारला. क्यूआरचा त्रास होतो?

"जाता न्हय! कोड म्हजो न्हय, पुताचो. तो तारवार आसा."

म्हणजे होतो तर! तारवार म्हणजे बोटीवर. बोर्ड आईच्या टोपलीवर, खातं मुलाचं, मुलगा समुद्रात, त्याला रेंज असेल तेव्हा असेल. पैसे आले की नाही हे हिला कळायची काही सोयच नाही. गिऱ्हाईक फोन दाखवतं, हिरवी टिक दिसते, ही मान हलवते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली म्हणून सोपंही पाच, आणि आपल्याच पैशाचा पत्ता नाही म्हणून त्रासही पाच. दोन्ही खरं! आणि आमच्या चौदा प्रश्नांत 'खातं कुणाच्या नावावर आहे' हा प्रश्नच नव्हता.

सगळ्याच काही अशा नव्हत्या, बऱ्याच जणी पोरीचं मन राखायला किंवा पीडा टळावी म्हणून पाच म्हणत होत्या, तेही आम्ही पुढच्या तासाभरात बघितलं. मी बांगडे घेतले, स्कॅन केलं, स्क्रीनवर मुलाचं नाव. म्हातारीने विचारलं, "गेले मरे?" मी म्हटलं गेले.

मग चौदाचे पाच प्रश्न केले, कोकणीत, हो-नाहीचे. ती परत जाऊन 40 जणींशी नीट बोलली, त्यात 23 जणींचा कोड मुलाच्या, नवऱ्याच्या नाहीतर जावयाच्या नावावर निघाला. कोड स्वतःचा की दुसऱ्याचा, आणि संध्याकाळी हिशोब लागतो की नाही, असं दोन बाय दोनचं टेबल. एका खान्यात अपेक्षित आकडा 5 च्या खाली जात होता म्हणून, या दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघायला, नेहमीची काय-स्क्वेअर टेस्ट सोडून लहान आकड्यांना चालणारी फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावली. व्हायव्हाला एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, विचारलं अल्फा किती, ती म्हणाली काढला नाही सर, काढण्यासारखं काही नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले, मी पंख्याकडे.

सॉरी तिला म्हापशाच्या बसस्टँडवरच म्हटलं होतं. ती म्हणाली, ठीक आहे सर, पण ते इंटर्नलचं?

सोमवारी ऑफिसात गेलो. मार्क बदलायचा एक फॉर्म असतो, त्यात 'बदलाचे कारण' असा रकाना. क्लार्क म्हणाला, सर, लवकर भरा, साहेब निघतायत. मी लिहिलं, टायपिंगची चूक.