गंगापूर रोडने गिरणारे: ठकीच्या वाटेवरची सायकल

नाशिकहून गिरणाऱ्याला सायकलने जाऊन यायचं तर फेब्रुवारीसारखा महिना नाही. पहाटेचा गारवा अजून अंगाला लागतो, वारा पडलेला असतो आणि बागांमध्ये द्राक्षं उतरायला आलेली असतात. कॉलेज रोडवरून निघालात तर जाऊन-येऊन साधारण 35 किलोमीटर होतात. रोज थोडीफार सायकल चालवणाऱ्याला हे अंतर सहज जमतं, नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र आधी महिनाभर वाटेतल्या सोमेश्वर मंदिरापर्यंत जाऊन यावं.

मी या रस्त्याने नेहमी जाते. या वेळची फेरी ठकीसाठी होती. ठकी आमची कुत्री. गिरणाऱ्याला मामांच्या मळ्यात, बांधावरच्या आंब्याखाली तिला पुरलं, त्याला या महिन्यात वर्ष झालं.

ठकी गावठीच. सोमेश्वरच्या बाहेर भर पावसात एका टपरीखाली सापडली होती. तांबूस अंग, डावा कान मोडलेला, आणि पायांवर उभी राहता येत नसतानाही माझ्यावर गुरगुरायची हिंमत. पुढची तेरा वर्षं पहाटे पाचला ती माझ्या पांघरुणाचं टोक दातात धरून ओढायची. चादर ओढून झाली की दारापाशी जाऊन बसायची आणि मी चपला घालेपर्यंत माझ्या पायांकडे बघत राहायची. थंडी असो, पाऊस असो, घरात पाहुणे असोत, त्यात बदल नाही. साखर काठावर आलेली असताना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा मला वेगळं काही सुरू करावं लागलं नाही. ठकी मला आधीपासूनच चालवत होती.

शेवटी तिची मूत्रपिंडं गेली. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हा आजार बराच दिसतो. तहान वाढते, लघवी वाढते, वजन उतरतं, आणि आपण ते वयावर ढकलतो. आठ वर्षांपुढच्या कुत्र्याची वर्षातून एकदा तरी रक्त-लघवीची तपासणी करून घ्या, हे मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगते. आजार बरा होत नाही, पण लवकर कळला तर आहार आणि सलाईनवर बरेच चांगले दिवस मिळतात. ठकीला ते मिळाले.

ती गेल्यावर पाचला जाग यायची आणि करायला काही नसायचं. लोक म्हणायचे, दुसरं पिल्लू आण. काही जण म्हणायचे, कुत्र्यासाठी इतकं काय रडायचं. दोन्ही मला ऐकवत नव्हतं. ती पहाटेची वेळ ठकीने मला लावून दिली होती, ती झोपेत घालवायची नाही एवढं मात्र मी धरून ठेवलं. लेकीची गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात होती, ती दुरुस्त करून घेतली आणि ठकी जिथपर्यंत चालायची तिथपर्यंत जायला लागले. मग त्याच्या थोडं पुढे, मग आणखी पुढे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागला की तो मध्यम व्यायाम. आठवड्यात तीन दिवस तासभर सायकल चालवली तरी हे भरून निघतं. गेल्या तपासणीत माझा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा खाली आला होता आणि गोळी सुरू करायची गरज पडली नाही. साखरेची औषधं चालू असलेल्यांनी मात्र लांब फेरीआधी डॉक्टरांना विचारावं आणि साखर एकदम उतरली तर खायला खिशात चार खजूर ठेवावेत.

आता रस्ता. फेब्रुवारीत उजाडायला पावणेसात होतात, त्यामुळे सव्वासहाला निघायचं तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. ओढणी घेऊन सायकल चालवणाऱ्या बायकांनी ती बांधून घ्यावी किंवा घरी ठेवावी. ती साखळीत गेली की सायकल जागच्या जागी थांबते. जेहान सर्कल ओलांडलं की रहदारी कमी होत जाते. पुढे आनंदवल्ली लागते. राघोबादादा आणि आनंदीबाई पेशव्यांच्या आठवणींचं हे गाव, आणि नदीकाठी नवश्या गणपती. हात जोडायचे तर सायकलला कुलूप लावून खाली उतरा, घाटावर सकाळी फार छान वाटतं.

सोमेश्वरपाशी मी थांबलेच. मंदिराबाहेर गाड्या लागायला सुरुवात झाली होती. ठकी इथे एका ठरलेल्या दगडापाशी बसायची आणि मी दर्शन घेऊन येईपर्यंत हलायची नाही. नारळाचा तुकडा मिळणार हे तिला माहीत होतं. त्या दगडावर आता एक काळं कुत्रं बसलेलं होतं. त्याला बिस्कीट दिलं नाही. गोड बिस्किटं कुत्र्यांना चांगली नाहीत. घरून आणलेली चतकोर पोळी दिली.

गंगापूर गावापासून रस्ता हळूहळू चढायला लागतो. चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. इथे जोर लावून जड गिअर ओढत बसू नका. हलका गिअर टाका आणि पाय भराभर फिरू द्या, गुडघे वाचतात. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागच्या बाजूला दुखत असेल तर ती वर असते. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेल्यावर पाय सरळ झाला की उंची जवळपास बरोबर. हे घरीच भिंतीला टेकून बघून घ्या. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं.

गोवर्धनकडून धरणाकडे फाटा जातो. गंगापूर धरण मातीचं, 1965 मध्ये पूर्ण झालेलं, आणि आपल्या घरच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः तिथलं. थंडीत त्या पाण्यावर वारकरी पक्ष्यांचे थवे उतरतात. वेळ असेल तर जाऊन या, मी त्या दिवशी सरळ गेले. या भागात वाइनरी आहेत, त्यामुळे शनिवार-रविवारी दुपारनंतर गाड्यांची वर्दळ असते. सायकलवाल्याने त्याच्या आत परत फिरलेलं बरं.

दुगावच्या आसपास वस्त्यांवरची कुत्री अंगावर येतात. थंडीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पिल्लं असतात आणि कुत्री त्यांना जपत असते. तिच्या मुलांच्या दारातून एक भरधाव वस्तू जाते आहे, ती भुंकणारच. वेग वाढवून पळू नका. सायकल हळू करा, कुत्रं ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला उतरा, सायकल मध्ये धरा आणि डोळ्यांत न बघता चालत पुढे जा. लाथ नाही, दगड नाही. पंचवीस-तीस पावलांत त्याची हद्द संपते आणि ते मागे वळतं. मी हलक्या आवाजात बोलत जाते, "जाते गं बाई, जाते." ठकीशी बोलायचे तसंच.

तरी चावलंच तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून 15 मिनिटं. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, ते डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आणि सगळे डोस पूर्ण करा. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ वाचत नाही, लस वेळेवर घेतली तर तो होतच नाही म्हटलं तरी चालेल.

गिरणाऱ्याला पोचेपर्यंत ऊन कोवळं होतं. रस्त्याकडेला क्रेट मांडून द्राक्षं विकायला बसलेल्या बायका होत्या. अर्धा किलो घेऊन तिथेच धुऊन खाल्ली, थकव्यावर त्याच्यासारखं काही नाही. पण इथे कुत्रा पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहायलाच हवी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ली तर धोका हे कुत्र्यागणिक बदलतं. त्यामुळे एकही द्यायचं नाही. द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं असं पशुवैद्यक अलीकडे मानतात. आपल्या नाशकात जानेवारी ते एप्रिल घराघरांत द्राक्षं असतात, मुलं जमिनीवर सांडतात, शिरा-खिरीत बेदाणे असतात. कुत्र्याने खाल्ली असं दिसलं तर उलट्या व्हायची वाट न बघता तडक पशुवैद्यकांकडे न्या. ठकी मळ्यावर यायची तेव्हा मामा तिला द्राक्षांच्या घडांखाली जाऊ द्यायचे नाहीत. घड म्हणजे तिला दिसेल अशा उंचीवर लटकलेला खाऊच.

मामा बांधावर पाणी देत होते. मला बघून म्हणाले, "आलीस का गं? मला वाटलंच होतं आज येशील." मामींनी चहा टाकला. आंब्याला मोहोर आला होता आणि खाली जमिनीवर त्याची बारीक पिवळी भुकटी पडलेली. मामांनी त्या जागेवर मधल्या वर्षभरात नांगर जाऊ दिलेला नाही, चार दगड लावून घेतलेत. मी पाणी घातलं आणि तिथेच बसून तिच्याशी बोलले, साखरेच्या आकड्यापासून लेकीच्या नोकरीपर्यंत सगळं. मामा लांब उभे राहिले. जाताना म्हणाले, "तुझी ठकी आली की आमच्या बैलांना पण कळायचं." मामा असं काही बोलणारे नाहीत, म्हणून ते लिहून ठेवते.

घरच्या कुत्र्याला मळ्यात पुरायची वेळ आली तर खड्डा निदान तीन-चार फूट खोल घ्या, नाहीतर दुसरी जनावरं उकरतात. विहीर आणि बोअरपासून लांब जागा निवडा. प्लास्टिक नको, सुती चादर पुरते. शेवटचं इंजेक्शन देऊन झोपवलेलं असेल तर खोलीच्या बाबतीत अजिबात हयगय नको, कारण ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या जनावराचा जीव घेऊ शकतं.

कुत्र्याला सायकलबरोबर पळवायची हौस असेल त्यांच्यासाठी: ठकी उमेदीत असताना लेकीच्या सायकलबरोबर पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर पळायची. पट्टा हँडलला बांधायचा नाही, कधीच नाही. वर्ष-दीड वर्षाच्या आतलं पिल्लू पळवायचं नाही, हाडं तयार झालेली नसतात. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला त्यावर नेऊ नका. आपल्याला घाम येऊन अंग गार होतं, कुत्रं मुख्यतः जीभ काढून धापा टाकूनच उष्णता घालवतं, त्यामुळे त्याला फार लवकर उन्हाचा त्रास होतो.

परतीचा रस्ता उताराचा. सायकल आपसूक पळते, पण खडी आणि बैलगाड्या बघून ब्रेकवर बोटं ठेवा. दोन्ही ब्रेक बरोबरीने, नुसता पुढचा नको. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरून दोन बाटल्या घ्या. पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब आणि हातपंप बरोबर असू द्या, कारण गंगापूर गाव सोडल्यावर पंक्चरवाला सकाळी उघडलेला सापडेलच असं नाही. गंगापूर रोडला परत आल्यावर मिसळ खायची तर खा, पण तर्री बेतानं.

एकट्याने जायला धीर होत नसेल तर सोबत मिळणं नाशकात कठीण नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या संघाने रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून शहरात सायकलींची हवा वाढली. दरवर्षी इथून पंढरपूरला सायकल वारी निघते. रविवारी पहाटे गंगापूर रोडला हेल्मेट घातलेला घोळका दिसला की हात करा, कोणी ना कोणी थांबतं.

मार्च लागला की निघायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणा आणि नऊच्या आत घरी पोचा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे गिरणाऱ्याकडे जाताना तो तोंडावर येतो आणि येताना पाठीशी. तेव्हा जातानाच दमून जाऊ नका, वेळ धरून चला. मडगार्ड बसवून घ्या आणि ट्रॅक्टरने आणलेल्या चिखलावर वळताना ब्रेक लावू नका.