गाठ एकीची, बिऱ्हाडं भलत्यांची

सप्टेंबरच्या शेवटी माझ्याकडे ओळखायला आलेल्या पाकिटात ओकची तीन पानं होती, त्यांवर मिळून ११ गाठी आणि सोबत चिठ्ठी: ‘नवी प्रजाती असावी.’ पानं हवाबंद पिशवीत घातलेली. आत पाणी सुटलेलं, एका पानावर बुरशी. त्याहून वाईट म्हणजे तिन्ही पानांचे देठ आणि बुडाचा भाग तोडून टाकलेला. नीटनेटकं दिसावं म्हणून असेल बहुधा. पण युरोपातले दोन नेहमीचे ओक ओळखायचे ते तिथेच. क्वेर्कस रोबरचा देठ आखूड आणि पातं देठाला मिळतं तिथे कानाच्या पाळीसारखे दोन छोटे उंचवटे. क्वेर्कस पेट्रियाचा देठ लांब, पाळ्या नाहीत. या दोघांचे संकरही होतात, म्हणून एका पानावर भागत नाही. दोनचार पानं आणि जमल्यास फळ हवं. झाड नक्की झालं की गाठीच्या उमेदवारांची यादी आखडते. इथे ती वाटच बंद.

कीटक आत राहिल्याने झाडावर उठणाऱ्या या गाठींना आम्ही गॉलच म्हणतो. दुकानातलं मायफळ हेसुद्धा फळ नव्हे, दुसऱ्या एका ओकवरचा असाच गॉल आहे. आत राहणारी गांधीलमाशी म्हणजे डंख मारणारी पिवळी नव्हे. चारपाच मिलिमीटरची, तपकिरी-काळी, पाठीत कुबड असलेली.

पहिली चाळणी सोपी असते. लवदार चट्टा असेल तर सूक्ष्म कोळी. पानाची कड दुमडलेली आणि घडीत नारिंगी किंवा पांढरट अळ्या असतील तर गॉल-मिज, म्हणजे गॉल करणारी चिमुकली माशी. चहूबाजूंनी बंद गाठ, आत कप्पा आणि कप्प्यात वळलेली पांढरी, बिनपायाची अळी असेल तर गॉलची गांधीलमाशी. आमचे गॉल पानाच्या खालच्या बाजूला, बाजूच्या शिरांवर चिकटलेले गोळे होते, म्हणजे गॉलच्या गांधीलमाश्यांमधला सायनिप्स हा गट. त्यातली नेहमीची तीन नावं अशी: क्वेर्कसफोलाय, मऊ, स्पंजासारखा आणि दोन सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, लाँगिव्हेंट्रिस, साधारण एक सेंटिमीटर, लालसर आणि त्यावर फिकट पट्टे, डिव्हिसा, त्याहून लहान, कडक, चकचकीत. आमचा गोळा ७ मिलिमीटर, धड मऊ नाही, धड कडक नाही, आणि पट्टा म्हणावा तर पुसल्यासारखा.

तीन गोळे चिरायला घेतले. आरपार पातं घातलं की अळीच कापली जाते, म्हणून सालीवर चौफेर चीर देऊन दोन अर्ध हाताने उघडायचे. सायनिप्समध्ये मधोमध एकच कप्पा आणि एकच अळी असायला हवी. इथे मधला कप्पा चेपून फटीएवढा झालेला, आणि भोवतीच्या गरात चारपाच छोटे कप्पे, प्रत्येकात एकेक अळी. तिन्ही गोळ्यांत हेच.

म्हणजे पोटभाडेकरू. सिनेर्गस नावाची गांधीलमाशी. तिला ओकवर स्वतःचा गॉल सहसा उठवता येत नाही. ती दुसरीच्या वाढत्या गॉलमध्ये अंडी घालते. तिच्या अळ्या आपापले कप्पे करून गर खातात आणि मूळ मालकीण बहुतेक वेळा मरते. गॉलची वाढ खुंटते, आकार आणि रंग बिघडतो. ‘विचित्र’ म्हणून येणाऱ्या नमुन्यांत हा प्रकार मला इतका भेटलाय, की नवी प्रजाती म्हटलं की मी आधी ब्लेड शोधते.

उरलेले आठ गोळे आठ नळ्यांत ठेवले, प्रत्येकीला क्रमांक आणि कापसाचं बूच. एकाच बरणीत ठेवले तर कोण कुठून बाहेर पडलं ते कळत नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. नळ्या थंडीत, बिनतापवलेल्या खोलीत राहिल्या. फार कोरडं झालं तर साल टणक होऊन आतली बाहेर पडू शकत नाही. फार ओलं झालं तर बुरशी. सायनिप्सच्या या पिढीत सगळ्या माद्याच. त्या हिवाळ्यात बाहेर येऊन मिटलेल्या कळ्यांत अंडी घालतात. तिथे वसंतात वेगळ्याच रूपाचे चिमुकले गॉल येतात आणि त्यातून नर-मादी निघतात. एकाच कीटकाची ही दोन रूपं आहेत हे हेर्मान आडलर या जर्मन अभ्यासकांनी १८८१ साली कुठल्या रूपातून कुठलं निघतं याच्या जोड्या लावून दाखवलं. तोवर एकाच कीटकाला दोनदोन नावं मिळत होती.

हिवाळाभर एकही आली नाही. एप्रिलमध्ये पाच नळ्यांत सिनेर्गस निघाल्या: भिंगाखाली तोंडावर किरणांसारख्या रेघा आणि पोटाच्या पहिल्या कड्यावर उभ्या खाचा. सहाव्या नळीत धातूसारखी हिरवी, लांब शेपटासारखी अंडनलिका असलेली टोरिमस निघाली. ती परजीवी, तिच्या शृंगिका कोपरात वाकलेल्या असतात, गॉलवालीच्या सरळ. नुसती ‘बाहेर आली ती’ म्हणून नोंद केली असती, तर हीच मालकीण ठरली असती. संग्रहांत अशी लेबलं आहेतच.

मग गॉल केला कुणी? सहकाऱ्याने फोटो पाहूनच ‘डिव्हिसा’ लिहून टाकलं होतं, आकार जुळतो म्हणून. वाढ खुंटलेल्या गॉलचा आकार मोजून काय मिळणार? दुसऱ्याचा सल्ला, अख्खा गोळा वाटून डीएनए काढा. काढला तर सिनेर्गसचाच निघेल. चिरलेल्या गोळ्यांच्या मधल्या फटीतून खरवडलेला भुगा तेवढा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलाय. वहीत मी ‘सायनिप्स, प्रजाती अनिश्चित’ लिहिलं, आणि पाठवणाऱ्याला ते अजिबात आवडलेलं नाही.

सातव्या आणि आठव्या नळीतल्या गोळ्यांना अजून भोक नाही. गॉलमधले काही कीटक दोनदोन हिवाळे आत काढतात, त्यामुळे चिरायचे की थांबायचं ते ठरत नाही. सध्या कापूस बदललाय.