निर्मनुष्य

मंगळवार, रात्री उशिरा

ताईने माझा पोर्तुगालचा फोटो बोटांनी ताणून मोठा केला आणि विचारलं, "हा खाली कोण उभा आहे गं?"

कुणी नाही, म्हटलं मी. तिथे कुणी नव्हतंच. तिने फोन माझ्यापुढे धरला. कड्याच्या तळाशी, लाटेचा फेस पसरतो त्याच्या जरा वर, काळ्या खडकावर एक काळा ठिपका. ठिपक्याला पाय आहेत. कमरेला जाळीची पिशवी आहे. एक हात खडकाला टेकलेला.

आणि फोटोखाली माझीच ओळ: "निर्मनुष्य किनारा. काबो सार्दावच्या दक्षिणेला."

ताई झोपायला गेली. तिच्या लेखी विषय तिथेच संपला. मला मात्र तो शब्द टोचतोय. शनिवारी तिच्या मंडळींना या किनाऱ्यावरच्या पायी प्रवासाचं टिपण द्यायचंय, ते एप्रिलमध्ये निघतायत, आणि टिपणाच्या पहिल्याच वाक्यात मी तोच शब्द घातलाय. तो काढला की पुढचं सगळंच नव्याने लिहावं लागेल असं वाटतंय.

आतापर्यंत लिहिलेलं असं आहे. पोर्तुगालच्या नैऋत्य कोपऱ्यात, सीनेशजवळच्या साओ तोर्पेशपासून खाली आल्गार्व्हमधल्या बुर्गावपर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर किनारा राखीव आहे. 1988 मध्ये त्याला संरक्षण मिळालं, 1995 मध्ये नैसर्गिक उद्यानाचा दर्जा. म्हणून तिथे हॉटेलांच्या भिंती उभ्या राहिल्या नाहीत. कड्यावरून जी पायवाट जाते तिचं नाव 'त्रिल्यु दोश पेश्कादोरेश'. खुणा हिरव्या-निळ्या, दोन आडव्या पट्ट्या. त्याच रंगांत फुली दिसली की मागे फिरायचं. चार दिवस असतील तर पोर्तो कोव्हूपासून सुरुवात: व्हिला नोव्हा द मिल्फोंतेशपर्यंत 20 किलोमीटर, तिथून आल्मोग्राव्ह 15, पुढे झांबुजेइरा दो मार 22, आणि शेवटी ओदेसैश 18. चालायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे, कारण तिथला वारा बहुतेक दिवस उत्तरेचा. उलट्या दिशेने गेलात तर दिवसभर वाळू तोंडावर.

आता हे परत वाचताना दिसतंय. वाटेचं नाव मी लिहिलंय, त्याचा अर्थ लिहिलेला नाही. पेश्कादोरेश म्हणजे कोळी. कोळ्यांची वाट. 2012 मध्ये पट्ट्या रंगवल्या गेल्या, पाटी लागली, नकाशे निघाले. वाट त्याआधीपासून होतीच, गळ टाकायला आणि खडकावरचं काढायला जाणाऱ्या माणसांनी पाडलेली. नाव रोज उच्चारायचं आणि त्यातला माणूस दिसू नये, याचं मला आज फार वाईट वाटतंय.

खरं सांगायचं तर आधी वाईट वाटलं ते स्वतःसाठीच. किती वर्षं म्हणत होते, एकदा अशा ठिकाणी जायचं जिथे मागून कुणी हाक मारणार नाही. तो एक फोटो म्हणजे तेवढा एकटेपणा मिळाल्याची पावती होती. या वर्षात जे झालं त्यानंतर तर तो कितीदा उघडून पाहिला. आणि आता त्यात कुणीतरी निघालं. माझं एवढंसंही माझं राहू नये का, असं संध्याकाळी वाटून गेलं. आत्ता लिहिताना ते तितकंसं वाटत नाही.

वाळूबद्दल टिपणात नीट लिहायला हवं, कारण सगळे तिथेच फसतात. 20 किलोमीटर हा आकडा वाचून माणसं पाच तास धरतात. पोर्तो कोव्हू ते मिल्फोंतेश हा टप्पा बराचसा भुसभुशीत वाळूतला आहे, प्रत्येक पावलाला टाच मागे घसरते. तासाला तीन किलोमीटर धरा, म्हणजे थांबे मिळून आठ तास. जाळीचे हलके बूट नकोत, जाळीतून बारीक वाळू आत जाते, मोज्याच्या शिवणीत बसते आणि दुपारपर्यंत फोड येतो. बंद कापडाचे बूट, वरून घोट्यापर्यंत कापडी पट्टा, आणि दर दोन तासांनी मोजे काढून झटकणं. पाणी माणशी दोन लिटर, गाव सोडतानाच भरून घ्यायचं. मध्ये नळ नाही, सावलीही जवळजवळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चालायला जाऊच नये. तंबू ठोकायला उद्यानात बंदी आहे, मुक्काम गावातच. दगडी भिंतीची, चुन्याने पांढरी केलेली, कडेला निळा पट्टा ओढलेली घरं. घरमालकीण चावीला 'शाव्ह' म्हणते आणि सकाळी 'पाव' पुढे ठेवते. आपल्याकडे आलेले हे शब्द त्यांच्या घरी ऐकताना छान वाटतं. मिल्फोंतेशला जी नदी समुद्राला मिळते तिचं नाव मीरा. हे ताईला आवडेल.

कड्यांबद्दलही. ते शिस्ट या पापुद्र्यांनी सुटणाऱ्या खडकाचे आणि वालुकाश्मासारख्या कठीण खडकाचे, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचे, नंतर दाबाने दुमडलेले. उभ्या-आडव्या घड्या स्पष्ट दिसतात, चादर गोळा करून ठेवावी तशा. या थरांमध्ये पाणी शिरतं, थर सुटतात. वरून वाळूची टेकडी बसलेली असते म्हणून काठ भक्कम वाटतो, खाली मात्र पोकळी असू शकते. काठाला जाऊन खाली वाकायचं नाही. खाली पुळणीवर असाल तर कड्याच्या उंचीच्या दीडपट लांब बसायचं. सार्दावच्या भूशिरावर 1915 चा दीपस्तंभ आहे, आणि त्याच्या आसपासच्या सुळक्यांवर पांढरे करकोचे घरटी करतात. एरवी हा पक्षी छपरांवर, मनोऱ्यांवर, विजेच्या खांबांवर राहणारा. समुद्रातल्या कड्यांवर तो फक्त याच किनाऱ्याला घरटं बांधतो. वसंतात पिल्लं असतात, ड्रोन उडवू नये, मोठ्याने हाका मारू नयेत.

करकोचे पाहायलाच मी तिथे रेंगाळले होते. कॅमेरा तासभर खाली रोखलेला. सुळक्यावरच्या घरट्यातली काडी न् काडी फोटोत आहे.

तो तिथे काय करत होता हे मला माहीत आहे, हाच तर त्रास आहे. रबरी काळा पोशाख, कमरेला जाळी: पर्सेबेश काढणारा. खडकाला चिकटून झुबक्यांनी वाढणारा हा जीव. बोटाएवढी काळपट, चामड्यासारखी मान आणि टोकाला नखासारखी फिकट शिंपलं. पाण्यातून येणारे कण गाळून खातो, म्हणून लाट जिथे सगळ्यात जोरात आपटते तिथेच तो जोमाने वाढतो. सुरक्षित जागी चांगला पर्सेबेश मिळतच नाही. काढायला लांब दांडीला चपटं लोखंडी पातं लावलेलं हत्यार असतं, अरिल्यादा. पातं खडकालगत, झुबक्याच्या मुळाशी घालून एका झटक्यात उचकटायचं. मान तुटली तर आतलं पाणी जातं आणि माल फुकट. कोवळे झुबके सोडायचे. परवाना लागतो, किती काढायचं आणि कधी नाही काढायचं याचे नियम आहेत. उकळत्या खारट पाण्यात मिनिट-दोन मिनिटं, की झालं.

वेळ मिळतो तो फार थोडा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे, समुद्र सगळ्यात लांब जातो तेव्हाच ते खडक उघडे पडतात. सुकतीच्या, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या, दीड-दोन तास आधी उतरायचं, पाणी फिरलं की वर. भांगाच्या दिवसांत, पाणी थोडंच चढतं-उतरतं तेव्हा, उतरून उपयोग नाही. आणि नुसतं उधाण असून भागत नाही, लाटही लहान हवी. अटलांटिकची लाट फार दुरून येते, दोन लाटांमध्ये पंधरा-पंधरा सेकंद जातात, मधला समुद्र शांत दिसतो आणि मग तीन-चार मोठ्या लाटा लागोपाठ येतात. माणसं वाहून जातात ती त्या शांत वेळेला फसून. म्हणून समुद्राकडे पाठ करायची नाही, आणि शक्यतो दोघांनी जायचं, एक काढतो, एक पाणी बघतो. हिवाळ्यात उधाण आणि लहान लाट यांची गाठच पडत नाही, दिवसचे दिवस रिकामे जातात.

फोटोत एकटाच आहे. दुसरा कदाचित चौकटीबाहेर असेल.

सारखं मनात येतंय ते हे. आपल्याकडे सुकतीला कातळावर कालवं काढायला बायका बसतात. पाठमोऱ्या, ओणव्या, हातात कोयती, शेजारी डबा. लांबून त्या दगडासारख्याच दिसतात. तरी घरच्या कातळाला मी कधी निर्मनुष्य म्हटलं असतं का? ओहोटीला रिकामा दिसला तरी ठाऊक असतं, आत्ता येतील, किंवा आत्ताच गेल्या. उधाणाच्या दिवसांत सहाच्या आगेमागे पाणी उतरतं, त्या हिशोबाने घरची चूल ठरते. आपल्या किनाऱ्यावरचं रिकामेपण मला वाचता येतं. तिथलं मी नुसतं पाहिलं.

पोर्तुगीजमध्ये 'पर्सेबेश?' असा प्रश्नही विचारतात. अर्थ, कळलं का तुला? शब्द तोच, अक्षरंही तीच. तिथे असताना हे ऐकून मजा वाटली होती.

आणि फक्त तोच एक नाही. कड्यापासून पाठ फिरवून थोडं आत गेलं की प्लॅस्टिकची हरितगृहं लागतात, रासबेरीची. मीरावरच्या सांता क्लारा धरणाचं पाणी तिथे येतं. आत राबणारे बरेचसे भारत, नेपाळ, बांगलादेशातून गेलेले. साओ तेओतोनिओच्या रस्त्यावर पंजाबी ऐकू येतं. 2021 च्या एप्रिलअखेरीस करोनामुळे सरकारने साओ तेओतोनिओ आणि लोंगेइरा-आल्मोग्राव्ह या दोन परगण्यांच्या सीमा बंद केल्या, तेव्हा ही माणसं किती दाटीने राहतात ते देशभर कळलं. माझ्या एकाही फोटोत ते प्लॅस्टिक नाही. प्रत्येक वेळी मी दोन पावलं सरकून ते चौकटीबाहेर ठेवलं. त्यावर आज नाही लिहीत.

बुधवार, पहाटे

झोप लागली नाही म्हणून त्या दिवसाचे सगळे फोटो क्रमाने पाहिले. ठिपक्याच्या आधीचा फोटो माझ्या पिशवीचा आहे. पिशवी टांगलेली आहे ती काठाला खडकात ठोकलेल्या लोखंडी गजाला. गज गंजून पोपडे धरलेला. त्याच गजाला निळा नायलॉनचा दोर, दोन वेढे आणि गाठ. काठावरून वाकतो तिथे दोर वाळूने, उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने झिजून केसाळ झालाय, आणि तेवढ्याच भागात त्यावर रबरी नळीचा तुकडा चिरून चढवलेला आहे, खडकाने कापू नये म्हणून. पुढे वीतभर अंतरावर हाताला पकड मिळावी अशी गाठ, मग काठ संपतो. दोर ताठ दिसतोय.

तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी टाकून दिलेला जुना दोर. पाठ मोकळी करायला पिशवी अडकवली. सात-आठ किलो असेल. नळीचा तो तुकडा आत्ता दिसला, काल रात्रीपर्यंत नाही.

फोटोची वेळ 9:52. पोर्तुगालच्या नौदलाची जलमापन संस्था भरती-ओहोटीची कोष्टकं छापते, सीनेश बंदराची पाहिली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुकती सव्वादहाच्या सुमाराला. म्हणजे तो तासभर आधी उतरला असणार आणि अजून अर्धा-पाऊण तास त्याच्या हातात होता. मी करकोचे आटोपून दहाच्या आधीच पिशवी उचलून निघाले. एन्त्रादा दा बार्काच्या छोट्या बंदरावर दुपारी जेवले तेव्हा धक्क्यावर जाळ्या वाळत होत्या आणि तीनचार माणसं वजनकाट्याभोवती उभी होती. त्यांच्यात तो असू शकतो. असेलच असं नाही.

फोटो काढून टाकणार होते. आता ठेवतेय. पूर्वीइतकाच आवडतोय, नव्हे, आता त्यात बघायला जास्त आहे. ओळ तेवढी बदलली: "काबो सार्दावच्या दक्षिणेला, पर्सेबेश काढणारा, सुकतीच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी."

टिपणातलं पहिलं वाक्य खोडलं. पाण्याच्या परिच्छेदानंतर हे घातलं: कड्याच्या काठाला गज, खुंटी किंवा दोर दिसला तर त्याला हात लावू नये, त्यावर काही टांगू नये, जोर देऊन पाहू नये, गाठ सैल वाटली तरी स्वतः आवळू नये. दगड खाली ढकलू नयेत. दोर ताठ असेल तर खाली माणूस आहे.