पावसाळ्यात रोज चालवायची कूपे: मस्टँग की टीटी?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी आमच्या गल्लीत शिरलं. पार्किंगमधली माझी सेडान बंपरपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर मी घाईने चावी फिरवली आणि तिथेच चुकलं. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं. हवेसारखं पाणी काही दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड वाकला. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नव्हतं, इंजिनचा सगळा खर्च खिशातून गेला.

पुढची गाडी मात्र मनासारखीच घ्यायची असं ठरवलं. दोन दारांची, बसकी कूपे मला शाळेत असल्यापासून आवडते. पण माझं धरमपेठ ते बुटीबोरी येणं-जाणं रोजचं, पावसाळ्यातसुद्धा. रविवारी पुसून ठेवायची गाडी मला नको होती. सेकंडहँडमध्ये शोधत शोधत शेवटी दोन उरल्या: 2017 ची फोर्ड मस्टँग जीटी आणि 2016 ची ऑडी टीटी. बीएमडब्ल्यूची 2 सिरीज ग्रॅन कूपेही पाहिली, पण चार दारं असली की माझ्यासाठी ती सेडानच.

ताकदीत या दोघींची बरोबरीच नाही. मस्टँगला पाच लिटरचं व्ही-8 इंजिन, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांना. टीटीला दोन लिटरचं टर्बो, 230 हॉर्सपॉवर, पण क्वाट्रो, म्हणजे ऑडीची फोर-व्हील ड्राइव्ह. एरवी ताकद बहुतेक पुढच्या चाकांना जाते आणि गरज पडली की मागच्या ॲक्सलजवळचा हॅल्डेक्स क्लच मागच्या चाकांनाही जोडून घेतो.

उन्हात ट्रायल घ्यायचीच नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. जुलैत झड लागली, तेव्हा विकणाऱ्यांना फोन केले. सोबत आमचे जुने मेकॅनिककाका.

आधी मस्टँग. तिचा आवाज ऐकला आणि माझा निम्मा निर्णय तिथेच झाला होता, हे खरं सांगतो. पण गल्लीतून मोठ्या रस्त्यावर चढतानाच पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासला. आपल्याकडे सिमेंटचा रस्ता वर आणि गल्ली खाली, मध्ये पेव्हर ब्लॉकचा ओबडधोबड उतार. असा उतार मला रोज दोनदा लागतो. पुढे वर्धा रोडला एका सिग्नलवरून वळताना ॲक्सिलरेटरवर पाय जरा जास्त पडला. चाकं घसरू लागली की ताकद आवरणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकला आणि गाडीचं बूड वीतभर बाहेर सरकलं. लगेच सावरलं, पण छातीत धस्स झालं.

काकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. भर पावसात खाली बसून त्यांनी मागच्या टायरवर नख रोवलं. नख रुतेचना. खाचा छान खोल होत्या, कारण गाडी फिरलीच कमी होती. मग त्यांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले: 1017, म्हणजे 2017 सालचा दहावा आठवडा. नागपूरचे सात उन्हाळे खाल्लेलं रबर दगडासारखं झालं होतं. "इंजिनचं सोडा जी," काका म्हणाले, "टायर पहा पयले. कमी चाललेल्या गाडीचा टायर दिसते नवा, पण पकडत नाही."

म्हणजे दोष गाडीचा नव्हता. नवे टायर टाकले असते आणि ओल्या रस्त्यासाठीचा वेट मोड लावला असता, तर ती नक्कीच शहाण्यासारखी चालली असती. पण मागचे टायर 275 मिमी रुंद. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. शिवाय फोर्डने 2021 मध्येच भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं होतं, म्हणजे पुढे पार्टची चिंता. रोजच्या गाडीला ही जोखीम मला जड वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, तशाच पावसात टीटी. सिग्नलवरून पाय दाबला, गाडी सरळ निघाली. दिवा नाही, की सरकणं नाही. मी खुश झालो, तर काका म्हणाले, "आता थांबवून दाखवा." मागे कोणी नाही पाहून साठच्या वेगात ब्रेक दाबला. चाकं जाम होऊ न देणारं एबीएस पायाखाली थडथडलं आणि गाडी थांबली, पण माझ्या अंदाजापेक्षा बरीच पुढे. "चारही चाकं ढकलतात म्हणून थांबन लवकर, असं नाही जी. ब्रेक तं सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असते." फोर-व्हील ड्राइव्ह निघताना आणि वळणातून बाहेर पडताना कामाला येतो, थांबताना नाही. ही गोष्ट मला कोणत्याच विकणाऱ्याने सांगितली नव्हती.

टीटीच्याही टायरच्या खाचा झिजून आतल्या खुणेच्या पट्ट्यांजवळ, म्हणजे जेमतेम 1.6 मिमी खोलीजवळ आल्या होत्या. चार टायरांची किंमत सौद्यातून कापून घेतली. गाडी घरी आल्यावर चारही टायर एकाच जातीचे टाकले, हॅल्डेक्सचं तेल बदललं, काचेखालच्या जाळीत अडकलेला पाचोळा उपसला. तिथून पाणी निघून गेलं नाही तर ते गाडीत उतरतं. आणि विम्यात इंजिन प्रोटेक्शन घेतलं, ते तर सगळ्यात आधी.

आता दुसरा पावसाळा सुरू आहे. नरेंद्रनगरचा अंडरपास किंवा लोहापूल, पाणी दिसलं की मी गाडी वळवतो, समोरची ऑटो निघून गेली तरी. समृद्धीवर पाऊस असला की ऐंशीच्या वर जात नाही. मागची सीट फक्त पिशव्यांची, आणि बाबांना उतरताना हात द्यावा लागतो, ही अडचण आहेच.

मागच्या आठवड्यात त्यांना दवाखान्यातून आणत होतो. जोराचा पाऊस, छत्रपती चौकाचा सिग्नल सुटला, गाडी न डगमगता निघाली. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या सिग्नललाही पुढेच उभी कर रे."