आमची वाटचाल : रंगाआधी गम

आमचं काम व्हिनाइलचं, म्हणजे पाठीला गम असलेल्या पातळ प्लॅस्टिकमधून नावं आणि अक्षरं कापून लावायचं. ऑर्डर आली की रंगाचं बोलणं सगळ्यात शेवटी. आधी दोनच गोष्टी विचारतो: लावणार कुठे आणि टिकायला किती हवं? गिऱ्हाईक कधीकधी वैतागतं. त्याच्या डोक्यात गुलाबी सोनेरी चमक असते आणि आम्ही भिंतीला रंग कधी दिला ते विचारत बसतो. पण आमचा धंदा उभा राहिला तो याच प्रश्नांवर.

सुरुवात घरातल्या टेबलावर, 12 इंच रुंदीच्या छोट्या कटिंग मशिनने झाली. डिझाइन माझ्या धाकट्या जावेकडे, सोलणं आणि लावणं माझ्याकडे. पहिली कामं नावांच्या स्टिकरची, म्हणजे बाटल्या, डबे आणि वह्या. मुद्दामच छोटी कामं धरली. एका रोलमध्ये पुष्कळ निघतात आणि हात लवकर बसतो.

नवीन माणूस व्हिनाइल घ्यायला गेला की समोर मॅट, ग्लॉसी, ग्लिटर, मेटॅलिक, होलोग्राफिक अशी जत्रा दिसते. खरा फरक मात्र पाठीमागच्या गममध्ये असतो. ओराकल ब्रँडचं 631 घ्या: मॅट, पाण्यावर आधारित गम, भिंतीवरून पुढे काढता येईल असं. ओराकल 651 चा गम सॉल्व्हंटचा आहे, पक्का धरणारा. बाहेर उन्हापावसात काळ्या-पांढऱ्याला साधारण 6 वर्षं आणि रंगीतला 4 वर्षं, असं कंपनी सांगते. हे 651 भाड्याच्या घराच्या भिंतीला लावलं तर काढताना रंगाचे पोपडे निघतात. 631 पाण्याच्या बाटलीला लावलं तर थोड्या धुण्यांत कडा सुटतात. दोन्ही माल चांगले, फक्त जागा वेगळ्या. पहिल्या खरेदीला मी या दोन्हींचा साधा काळा रंग घ्यायला सांगते. ग्लिटर नंतर.

पुढे गाडीवरच्या अक्षरांची विचारणा यायला लागली, तेव्हा व्हिनाइल बनवायच्या दोन पद्धतींमधला, कास्ट आणि कॅलेंडर्डमधला, फरक कामाला आला. कॅलेंडर्ड गरम रोलरमधून दाबत, ताणत बनतं. तो ताण त्यात राहतो, म्हणून ते हळूहळू आकसायला बघतं. कास्ट पातळ ओतून सुकवलेलं असतं, त्यात ताण जवळजवळ नसतो. जाडीही कमी, साधारण 50 ते 60 मायक्रॉन. सपाट पत्र्यावर कॅलेंडर्ड चालतं. गोलाईवर आणि रिव्हेटवर आम्ही कास्टशिवाय काम घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मशिनचं म्हणाल तर ब्लेडने व्हिनाइल कापायचं, खालच्या बॅकिंगला, म्हणजे गमखालच्या कागदाला, नुसता ओरखडा पडला पाहिजे. बॅकिंग आरपार कापलं तर सोलताना ते चिरत जातं आणि खाली ठेवलेली चिकट चटई, कटिंग मॅटही, खराब होते. म्हणून रोल बदलला की कोपऱ्यात छोटा चौकोन कापून, सोलून पाहायचा. कंपनी तीच असली तरी रंग बदलला की सेटिंग थोडं बदलू शकतं आणि ग्लिटर तर चांगलंच जाड असतं. तयार सेटिंगवर डोळे झाकून विसंबणारे लोक मला कळत नाहीत. चौकोनाला कितीसा माल लागतो!

वीडिंग, म्हणजे कापल्यावर नको असलेला भाग सोलून काढणं, हे आमच्या धंद्यातलं खरं कसबी काम. देवनागरीत तर जास्तच. बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. तसंच मशिनला दिलं तर ती प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते आणि शिरोरेषेत जागोजागी चिरा पडतात. म्हणून जाऊ आधी सगळी अक्षरं वेल्ड करून एकसंध करते आणि मगच फाइल मशिनकडे जाते. मोठी काळजी अनुस्वाराची. तो एवढासा ठिपका सोलून काढायच्या कचऱ्याबरोबर उचलला जातो आणि चिंतामणीचा चितामणी होतो. असं नाव कोणाच्या दारावर लावणार? म्हणून मी कचरा सरळ वर ओढत नाही. कोपऱ्यातून सुरू करून, पाठीमागे दुमडत, बॅकिंगला जवळजवळ चिकटून ओढते आणि ठिपका आला की सोलायच्या हुकच्या टोकाने दाबून धरते. एक मिलिमीटरहून बारीक रेघ असलेला फॉन्ट जाऊ लहान मापात वापरूच देत नाही. कितीही नाजूक, सुंदर असू दे.

सोलून तयार झालेली अक्षरं ट्रान्सफर टेपवर, म्हणजे ती जशीच्या तशी उचलून वस्तूवर न्यायच्या चिकट पट्टीवर, घ्यायची. टेपची पकड बॅकिंगपेक्षा जास्त आणि लावायच्या पृष्ठभागापेक्षा कमी हवी. भिंतीसाठी टेप फार चिकट वाटली तर आधी स्वच्छ सुती कापडाला एकदा लावून काढायची, जोर उतरतो. कडक पकडीची टेप ग्लिटरसाठी ठेवायची. वस्तू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यायची. काच पुसायच्या फवाऱ्याचा थर मागे राहू शकतो, म्हणून तो नको. ताज्या रंगाच्या भिंतीला किमान तीन आठवडे थांबायचं.

काही वस्तूंना आम्ही सरळ नाही म्हणतो. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 2, 4 किंवा 5 आकडा असला तर तो पॉलिइथिलिनचा किंवा पॉलिप्रॉपिलिनचा. त्यावर साधा गम नीट धरत नाही. सिलिकॉनवर तर नाहीच. ताटलीच्या आत किंवा कपाच्या ओठ लागतो त्या कडेला व्हिनाइल लावत नाही, ते खाण्याच्या संपर्कासाठी बनवलेलं नसतं. मगच्या बाहेरून चालतं, पण दोन-तीन दिवस पाणी लावायचं नाही आणि पुढेही हातानेच धुवायचा.

“ताई, डिशवॉशरमध्ये टाकला तर?”

“टाका की. मग नवीन नाव करायला परत या.”

लेझरने कापून द्या म्हणणारेही भेटतात. हे व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिक, ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसांना वाईट आणि मशिनलाही. त्यावर आमच्याकडे चर्चा नाही.

टी-शर्टवरचं काम बरंच नंतर, हीट प्रेस, म्हणजे गरम दाब देणारं मशिन, आल्यावर सुरू केलं. हे व्हिनाइल वेगळं: गम उष्णतेने जागा होतो आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कॅरिअर असतो. चकचकीत बाजू कटिंग मॅटवर खाली ठेवायची आणि डिझाइन आरशासारखं उलटं करून कापायचं. सायझर कंपनीच्या ईझीवीड या कपड्यावरच्या व्हिनाइलला साधारण 150 अंश सेल्सिअस आणि 10 ते 15 सेकंद पुरतात. त्याआधी कापड काही सेकंद नुसतं दाबून त्यातली ओल घालवायची. घरच्या इस्त्रीने होत नाही असं नाही. पण तिची उष्णता सगळीकडे सारखी नसते आणि वाफेच्या भोकांखाली अक्षरं कच्ची राहतात. ग्लिटर नेहमी सगळ्यात वर, त्याच्यावर दुसरा थर बसत नाही. कपडा एक दिवसाने, उलटा करून धुवायचा.

रोलच्या उरलेल्या तुकड्यांतून आता शिकाऊ लोकांसाठी सरावाचे संच बांधतो. त्यात काढता येणारं, पक्कं आणि कपड्यावरचं व्हिनाइल, शिवाय टेपचा तुकडा. प्रत्येकाच्या पाठीवर जाऊ पेनाने प्रकार लिहिते, कारण रोलपासून सुटल्यावर 651 आणि कपड्यावरचं व्हिनाइल लांबून सारखंच दिसतं.

सध्या काचेच्या दारांवरचं फ्रॉस्टेड, म्हणजे धुरकट दिसणाऱ्या व्हिनाइलचं, काम वाढतंय. मोठा तुकडा कोरडा लावला तर बुडबुडे हमखास, म्हणून पाण्यात लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब घालून काचेवर फवारतो, तुकडा सरकवून जागेवर आणतो आणि मधून कडेकडे पाणी काढतो. टेप काढायची घाई करत नाही, गमला धरायला वेळ लागतो. या कामाला एकटीचे हात पुरत नाहीत. एकीने वरची कड धरायची, दुसरीने स्क्वीजी, म्हणजे पाणी ओढून काढायची पट्टी, चालवायची. त्यामुळे काचेच्या ऑर्डर आता आम्ही एकाच दिवशी घेतो आणि त्या दिवशी मशिन बंद ठेवतो.