‘तिहाई’चं चौदावं पान

आमच्या मासिकाचं नाव ‘तिहाई’, म्हणजे गाण्या-वाजवण्यात तीनदा घेऊन संपवायचा तुकडा. पहिली प्रिंट हातात आली तेव्हा ‘त’ची ऱ्हस्व वेलांटी डावीकडे लागायचं सोडून उजवीकडे सरकली होती आणि ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसली होती. प्रिंटवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हे काय गं, तहाई?" डोंबिवली स्टेशनजवळच्या त्या टीचभर दुकानात आम्ही पाच जणी उभ्या होतो आणि सबमिशनला अठरा दिवस उरले होते.

ही 2019 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बीएमएमचं, म्हणजे मास मीडियाच्या पदवीचं, तिसरं वर्ष. एक वाचकगट ठरवायचा, त्याच्यासाठी 16 पानी मासिक करायचं, छापायचं आणि मग स्वतःच त्याचं मूल्यमापन लिहायचं, असा प्रोजेक्ट होता. बाकीच्या ग्रुपनी सिनेमा, क्रिकेट आणि खाणं आधीच पळवलं होतं. आमच्यातल्या दोघी गाणं शिकत होत्या, एक पथकात ताशा वाजवायची. म्हणून मग संगीत, आणि वाचक म्हणजे 18 ते 24 वयाच्या मुली. यामागे फार मोठा विचार होता असं आम्ही प्रस्तावनेत लिहिलंय खरं, पण तो नंतर सुचलेला आहे.

वेलांटीचं कारण दोन दिवसांनी सापडलं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. तो नसेल तर देवनागरीची जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला पडते. मराठीत काम करायचं तर हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आमचे सगळे धडे इंग्रजी मजकुरावर झाले होते. काकांचा सल्ला होता, "श्रीलिपीत करा, कटकट नाही." पण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे चिकटवला की त्याची बाराखडी होते, आणि आमचे निम्मे लेख मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेले. शेवटी मजकुराला ‘मुक्त’ आणि मथळ्यांना ‘बलू’ हा फॉन्ट घेतला. दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’चे, दोन्ही फुकट. बलू जरा गोलमटोल आहे, गंभीर लेखाच्या डोक्यावर तो गालात हसतोय असं वाटतं. मला तेच आवडलं.

मुखपृष्ठावर मात्र आम्ही घोळ घातला. आमच्यातल्याच एकीला नटवलं, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, केस वाऱ्यावर (टेबल फॅन, तीनवर). मागे गुलाबी. कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं तर बदामांचा पाऊस पडला. मॅडमनी एकदाच पाहिलं आणि विचारलं, "ही ऐकतेय की दिसतेय?"

याच मुलींनी आधीच्या सत्रात लॉरा मल्व्हीच्या 1975 च्या निबंधावर, त्या ‘पुरुषी नजरे’वर, म्हणजे पडद्यावरची बाई नुसती बघायची वस्तू कशी होते यावर, दहा-दहा मार्कांची उत्तरं लिहिली होती. मी तर पुरवणीही घेतली होती. आणि मुलींसाठी मासिक काढायची वेळ आली तेव्हा आम्ही कॅमेरा नेमका तिथेच नेऊन ठेवला. मॅडमनी मग कपाटातून ‘स्त्री’ मासिकाचे काही जुने अंक काढून दिले. किर्लोस्करांनी 1930 मध्ये सुरू केलेलं मासिक. "घरी नेऊ नका, इथेच बघा," म्हणाल्या. त्यातली सगळीच चित्रं काही क्रांतिकारक नव्हती. पण काही पानांवरच्या बायका काहीतरी करत होत्या. हातात काम होतं आणि नजर त्या कामावर होती. आम्ही गुपचूप नवीन फोटो काढायचं ठरवलं.

आतल्या पानांत आमचा मानबिंदू होता पान 4 आणि 5: केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेली ही गायिका. तिच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. दुसरं यान 5 सप्टेंबरला सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई वारल्या. एवढी गोष्ट हातात असताना लेख पडूच शकत नाही अशी माझी खात्री होती, कारण तो मी लिहिला होता. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, चांदण्या वगैरे. त्यापुढे सुलोचना चव्हाणांवर एक पान, कल्याणच्या डी एमसी या रॅपर मुलीमुळे रॅपकडे वळलेल्या मुलींवर दोन पानं. आणि शेवटाकडे, पान 14 वर, जागा उरली म्हणून भरलेला मजकूर: ‘घरात रियाज कुठे करता?’

हा भरतीचा मजकूर कसा गोळा केला तेही सांगते. गाण्याच्या क्लासबाहेर चपला घालणाऱ्या मुलींना विचारलं, पथकातल्या मुलींना विचारलं. वन बीएचकेत आजी, टीव्ही आणि दहावीचा भाऊ. एक मुलगी भांडी घासून झाल्यावर रात्री स्वयंपाकघराचं दार लावून, मोबाइलवरचा तानपुरा लावून बसते. एक म्हणाली, "शेजारच्या काकू भिंत ठोकतात, पण त्यांचा ठेका बरा आहे." ताशावालीने जुन्या उशीवर टिपऱ्या मारून हात तयार केलेला. एकीने शपथेवर सांगितलं की त्यांच्या कुकरची शिट्टी बरोबर काळी चारमध्ये वाजते, पेटी नसली तरी चालतं. खाली आम्ही एक छोटा तक्ता टाकला: कोणत्या सोसायटीचा हॉल दुपारी मिळतो, कुठल्या देवळात सकाळी बसू देतात, कुठली गच्ची उघडी असते.

मग मूल्यमापन. पहिला प्रयत्न म्हणजे छापील फॉर्म. मुखपृष्ठ, मांडणी, मजकूर, रंग. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. तीस मैत्रिणींनी भरला, सरासरी 4.3. मैत्रिणीच त्या, तोंडावर दोन कशाला देतील? एकीने ‘सुधारणा सुचवा’ या रकान्यात "खूप छान, अशीच पुढे जा" असं लिहिलं होतं. त्या तीस कागदांतून एकही गोष्ट कळली नाही.

दुसरा प्रयत्न आमच्या ताशावालीने सुचवला. डमी अंक घेऊन सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात चढायचं, बसायला मिळालेल्या मुलीला तो द्यायचा आणि गप्प राहायचं. काही विचारायचं नाही. ती कुठलं पान उलटते, कुठे थांबते, कुठे फोन बाहेर काढते, एवढंच वहीत टिपायचं. चार दिवसांत 22 मुली झाल्या. गप्प राहणं फार अवघड असतं. दुसऱ्याच दिवशी मी एकीला म्हणाले, "ते केसरबाईंचं वाचा ना." तिने वर बघितलं आणि म्हणाली, "वाचते हं ताई," आणि पान उलटलं.

केसरबाई शेवटपर्यंत वाचणाऱ्या मुली 22 पैकी तीन. पंधरा जणी सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या पान 14 वर. दोघींनी तक्त्याचा फोटो काढला. एकीने तर स्टेशनं गेली तरी मान वर केली नाही.

मी रुसले, हे कबूल करते. मुलींना इतिहास नको असतो, असा एक कडवट परिच्छेद अहवालाच्या कच्च्या प्रतीत अजून सापडेल. पण वही पुन्हा चाळली तेव्हा दिसलं की केसरबाईंच्या पानावर त्या थांबत होत्या, डोळे बारीक करत होत्या आणि मग पुढे जात होत्या. काळ्यावर पांढरी अक्षरं, आकार 9 पॉइंट. इंग्रजी नमुन्यावरून उचललेला. ओळींमधलं अंतरही तिथलंच, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकलेला. हलत्या गाडीत ते कोण वाचणार? आम्ही 11.5 पॉइंट आणि ओळीला 17 पॉइंट केलं, काळं काढलं, चांदण्या काढल्या. मजकूर जवळजवळ निम्मा कापावा लागला. कापायला मला एक अख्खी रात्र लागली आणि सकाळी कळलं की लेख सुधारलाय.

रियाजाचं पान पुढे आलं, वाढलं, मुखपृष्ठावर त्याचीच ओळ गेली. नवीन फोटोत एक मुलगी हातोडीने तबल्याचे गट्टे ठोकतेय, कान तबल्याशी, कपाळाला आठी. आपला फोटो निघतोय याचं तिला भान नव्हतं. तो आधी तिने व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. तिथे तेव्हा फोटो दाबला जायचा आणि लांब बाजू जेमतेम 1600 पिक्सेल राहायची. ए-फोर पान 300 डीपीआयला भरायचं तर 3508 लागतात. मूळ फाइल मिळवायला मी विठ्ठलवाडीला जाऊन आले. छापताना आमच्या झगझगीत गुलाबीचा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळका जांभळट झाला. स्क्रीनवरचा तो रंग चार शाईंत बसतच नाही. त्याच्या जागी हळदीचा पिवळा घेतला आणि सुटलो.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी मांडणी नीट पाहिली, मग विचारलं, "22 म्हणजे नमुना फारच लहान नाही का?" लहान होता. आणि सगळ्या बसायला मिळालेल्या मुली, म्हणजे लवकरची गाडी पकडणाऱ्या. उभ्या असलेल्यांच्या हाती अंक दिलाच नव्हता आम्ही. हे आमच्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी तेच सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

छापलेले अंक कॉलेजने जमा करून घेतले, चार वाटले गेले. माझ्याकडे राहिली ती लोकलमधली डमी. चौथ्या दिवशी घाटकोपरला उतरणारी एक मुलगी दारात वळून म्हणाली होती, "हे गच्चीचं पान मला देता का?" गाडी थांबत आलेली, मी फाडून दिलं. सोळा पानी अंकात मध्ये पिना असल्या की चौदावं पान तिसऱ्याच्या कागदावरच असतं. त्यामुळे आता अंक उघडला की तिसरं-चौथं पान, म्हणजे चांदण्यांसकट अर्ध्या केसरबाई, सुटून मांडीवर पडतात.