आमची वाटचाल : पिसं झडत होती, मग पडत कुठं होती?

कोंबड्यांच्या शेडमध्ये खाली एक पण पीस पडलेलं नाय, हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं. २०१८ चा श्रावण, चार दिवस पावसाची झड लागलेली, कोंबड्या बाहेर सोडता येत नव्हत्या आणि मी रोज बघत होतो की कडकनाथ जातीच्या तलंगांची (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांची) शेपटीच्या बुडाजवळची पिसं कमी होत चाललीत, कुणाची पाठ उघडी पडलीय, कुणाच्या शेपटीची नुसती खुंटं राहिलीत. मी म्हणत होतो पिसं बदलायचा टाईम असंल, येतील परत. आईनं खाली अंथरलेल्या तुसात हात घातला, वरखाली करून बघितलं आणि म्हणाली, "आरं झडत्यात तर पडलेली कुठं हाईत? ह्या एकमेकीची पिसं उपटून खायला लागल्यात, पोटाला काय तरी कमी पडतंय ह्यांच्या."

आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी त्या दिवसापासनं धरतो. तसा फार्म त्याच्या दोन वर्षं आधीच चालू झालेला. कराड तालुक्यात मसूर गावाच्या बाजूला आमची थोडी शेती, ऊस आणि सोयाबीन, २०१६ ला घरच्या ४० गावरान कोंबड्यांवर अंडी विकायला सुरुवात केली, आठवड्यातनं दोनदा कराडला ट्रे घेऊन जायचो, लोक घरी बोलवून घ्यायचे. त्या ४० कोंबड्यांना आम्ही सकाळी मूठ-मूठ ज्वारी टाकायचो आणि संध्याकाळी उरलीसुरली भाकरी चुरून, बास. दिवसभर त्या उकिरड्यावर, गोठ्यामागं, उसाच्या बांधावर. कधी पीस खाल्लं नाय कुणी कुणाचं. त्यामुळं डोक्यात पक्कं बसलेलं की देशी कोंबडी काय पण खाऊन जगती, फीडचे लाड ब्रॉयलरला आणि लेअरला (अंड्याच्या संकरित कोंबडीला).

मग २०१८ आलं. त्या साली झाबुआच्या कडकनाथला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, जिकडं तिकडं काळ्या कोंबडीची चर्चा, मी पण २०० पिल्लं आणली, बरोबर घरची ६० गावरान आणि हौसेखातर १५ असील, म्हणजे झुंजीच्या जातीची. सगळी एका शेडमध्ये, २० बाय २५ फुटाचं शेड. सहा आठवडे कंपनीचं चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) घातलं आणि मग पैसे वाचवायचे म्हणून एकदम बंद केलं, मका-ज्वारीचा भरडा चालू केला, घरचंच धान्य, पोत्याला पैसे द्यायचे नाय. पिल्लं खात होती, पोटं भरत होती, मला वाटायचं मस्त चाललंय.

आईनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक तलंग मेलेली सापडली. मागच्या बाजूनं पार फोडलेली, आतडं बाहेर, आणि बाकीच्या अजून टोचतच होत्या. मी तिला उचलली तेव्हा अंग अजून गरम होतं. ते अजून डोळ्यापुढनं जात नाय. त्या पंधरवड्यात आमच्या एकूण ११ कोंबड्या गेल्या.

डॉक्टर आले ते शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजातनं शिकलेले, शांत माणूस. त्यांनी आधी एक कोंबडी उलटी धरून शेपटीखालची पिसं फुंकर मारत बाजूला केली आणि उवा बघितल्या, मग मला म्हणाले रात्री टॉर्च घेऊन बसायच्या दांड्यांच्या फटी बघा, रक्त पिणारे बारीक लाल माइट रात्रीच बाहेर येतात. आमच्याकडं दोन्ही नव्हतं. मग विचारलं, "खायला काय देता?" मी सांगितलं मका-ज्वारी. "अजून?" हिरवा घास टाकतो कधी कधी. "अजून?" अजून काय नाय म्हटलं.

त्यांनी माझ्याच वहीवर हिशोब मांडला तो असा. मक्यात प्रोटीन ८-९ टक्के, ज्वारीत फार तर १०. सहा-सात आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं, नंतर वाढीच्या तलंगेला १६ तरी पायजे, अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८. म्हणजे मी निम्म्यावर ठेवलेलं, आणि ते पण कुठल्या वयात, तर ज्या वयात पिल्लू आधीची पिसं टाकून नवीन घालत असतं. मोठी होईपर्यंत ते एकदाच नाय, टप्प्याटप्प्यानं दोन-तीनदा पिसं बदलतं. आणि पीस म्हणजे जवळपास ८५-९० टक्के नुसतं प्रोटीनच, केराटिन, आपल्या नखांसारखं. त्यात गंधकवाली अमिनो ॲसिडं जास्त लागतात, मिथिओनिन आणि सिस्टीन, आणि धान्यात नेमकं तेच कमी. मग कोंबडीला अंगावर पिसं आणायला जे लागतं ते तिला शेजारणीच्या अंगावर दिसतं. नवीन फुटणाऱ्या पिसाच्या कोंबात रक्त असतं, एकदा टोच बसली की लाल दिसतं, चव लागते, आणि एकीचं बघून दहा जणी शिकतात.

मी म्हटलं, डॉक्टर पण घरच्या ४० कोंबड्या पण ज्वारीवरच होत्या की. त्याचं उत्तर त्यांच्या आधी आईनंच दिलं. ती म्हणाली त्या कुठं ज्वारीवर होत्या, त्या दिवसभर किडं खात होत्या.

बरोबर आहे. उकिरड्यातल्या अळ्या, शेणाखालचे किडे, गांडुळं, बांधावरचे नाकतोडे, हेच त्यांचं प्रोटीन होतं, ज्वारी नुसती वरनं. आमची आजी तर पिल्लं निघाली की मडक्यात ओलं शेण, गोणपाटाचा तुकडा आणि काड्या भरून वारुळाजवळ पालथं घालायची, सकाळी ते वाळवीनं भरलेलं असायचं, ते पिल्लांपुढं झटकायची. लहानपणी मी स्वतः ते मडकं उचलून आणलंय, हाताला वाळवी चढायची म्हणून ओरडायचो. त्या म्हातारीला प्रोटीन हा शब्द माहीत नव्हता पण पिल्लाला काय लागतं ते माहीत होतं. मी शिकलेला माणूस, कोंबडीला शेडमध्ये कोंडलं, तिचा उकिरडा काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात काय द्यायचं ह्याचा विचारच केला नाय.

उपाय एका दिवसात झाला नाय. जखमी सगळ्या वेगळ्या काढल्या, जखमेवर जांभळं औषध लावलं म्हणजे लाल दिसत नाय. २७५ पक्ष्यांना ५०० चौरस फूट जागा कमीच, दोन फूट पण येत नव्हती एकीच्या वाट्याला, म्हणून शेजारी जाळी मारून जागा वाढवली. घासाच्या पेंढ्या मान वर करून खाता येतील अशा उंचीवर टांगल्या, चोचीला काम पायजे. मीठ तपासलं, भरड्यात मी मीठ घालतच नव्हतो आणि मीठ कमी पडलं तरी कोंबड्या टोचतात, खाद्यात पाव ते अर्धा टक्क्याच्या मधे पायजे. खाद्य एकदम न बदलता सहा दिवसांत हळूहळू ग्रोअर मॅशवर (वाढीच्या वयाच्या तयार खाद्यावर) आणलं. टोचायची सवय लागलेल्या तीन होत्या, त्यांना ओळखायला मी दोन दुपारी शेडमध्ये बसून काढल्या आणि त्या वेगळ्या केल्यावर निम्मा त्रास गेला. चोच कापा असं दोघातिघांनी सुचवलं, आम्ही नाय कापली. देशी कोंबडी उकरून, वेचून खाणारी, तिची चोच कापायची म्हणजे तिचा हातच तोडायचा. सहाव्या आठवड्यात पाठीवर नवीन पिसं आली, कडकनाथच्या काळ्या पिसाला उन्हात हिरवट झाक येते ना, ती परत दिसली तेव्हा आई शेडच्या दारात बराच वेळ उभी होती.

त्यानंतर आम्ही खाद्य स्वतः बनवायला लागलो आणि त्यात पण ठेचा खाल्ल्या. घरचं सोयाबीन आहे, मग पेंड विकत कशाला म्हणून कच्चं सोयाबीन दळून घातलं. आठ दिवसांत विष्ठा पातळ, वाढ थांबली. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं जातो, म्हणून भाजून किंवा उकडूनच द्यायचं, नायतर सरळ तेल काढलेली सोयापेंड घ्यायची, ज्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. मग सुकट. एका व्यापाऱ्यानं सुकटीचा चुरा म्हणून जे दिलं त्यात वाळू किती होती ते ग्लासभर पाण्यात टाकल्यावर कळलं, चुरा वर आणि खाली बोटभर वाळूचा थर. तेव्हापासनं प्रत्येक पोत्यातला चमचाभर पाण्यात टाकून बघितल्याशिवाय घेत नाय. सुकटीत मीठ पण असतं, ते धरून वरचं मीठ कमी करायला लागतं, जास्त झालं तर पिल्लं पाणी पिऊन पिऊन तूस ओलं करतात आणि मरतात सुद्धा. शेंगदाणा पेंड चांगली पण पावसाळ्यात बुरशी धरते, बुरशीचं विष कोंबडीच्या लिव्हरवर जातं, म्हणून जून ते ऑक्टोबर आमच्याकडं बंद.

आता १०० किलोचा आमचा अंड्यावरच्या कोंबड्यांचा माल साधारण असा असतो: मका ५०, सोयापेंड २०, राईस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा) १०, सूर्यफूल पेंड ८, सुकट ३, शिंपला ७ आणि उरलेल्या दोनात मिनरल मिक्शर, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर), मीठ. प्रोटीन १८ च्या जवळ बसतं. सूर्यफूल पेंड मुद्दाम आहे, सोयापेंडीत मिथिओनिन कमी पडतं आणि सूर्यफुलात, तिळाच्या पेंडीत ते चांगलं असतं. तरी पिसं बदलायच्या दिवसांत पावडरचं मिथिओनिन टनाला किलो-दीड किलोच्या हिशोबानं घालतो. शिंपला वाढीच्या तलंगांना आणि नरांना एवढा नको, त्यांचा माल वेगळा. आणि प्रोटीन वाढवत गेलं की जास्त फायदा असं पण नाय, जादाचं सगळं विष्ठेतनं बाहेर पडतं, तुसाला अमोनियाचा वास मारतो, डोळे चुरचुरतात आणि पैसे वाया.

२०१९ ला कडकनाथचा बाजार बसला. करार करून पैसे गुंतवलेले आमच्या भागातले किती शेतकरी अडकले ते सगळ्यांना माहितीय, आमचे पैसे त्यात नव्हते पण भाव पडायचा तो सगळ्यांचाच पडला. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाच्या अफवेनं चिकन कुणी घेईना. आणि २०२१ ला सोयापेंड किलोला नव्वदच्या पुढं गेली, सरकारला बाहेरनं १२ लाख टन पेंड आणायची परवानगी द्यायला लागली एवढी टंचाई. त्या वर्षी घरात रोज हाच विषय, पेंड कमी करून मका वाढवायचा का. आमच्या घरातले आप्पा म्हणाले पक्षी कमी कर, त्यांच्या पुढ्यातलं कमी करू नको. आम्ही ९० पक्षी विकले आणि उरलेल्यांचं खाद्य होतं तसंच ठेवलं. तो निर्णय माझ्या मते आमच्या फार्मचा सगळ्यात मोठा निर्णय.

त्याच वर्षापासनं आम्ही तयार खाद्याची २५ किलोची बॅग विकायला लागलो, कारण आमच्याकडनं पिल्लं नेलेले लोक दोन-तीन महिन्यांनी फोन करायचे, दादा पिसं जातायत, कुठलं औषध देऊ. मी पहिला प्रश्न डॉक्टरांनी मला विचारला तोच विचारतो, खायला काय देता. दहातले सात-आठ जण म्हणतात, तुमचंच फीड देतो की, आणि मग अजून खोदलं की कळतं वरनं तेवढाच मका पण टाकतात. आता बघा, कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते. १८ टक्क्याचं ६० ग्रॅम खाल्लं आणि ९ टक्क्याचा मका ६० ग्रॅम, तर तिच्या पोटात गेलं साडेतेरा टक्के. मका गोड लागतो, ती आधी तोच वेचते. धान्य टाकायचं तर संध्याकाळी, कोंबडीमागं चमचाभर, तुसात विखरून.

फोटो पाठवा असं पण सांगतो कारण प्रत्येक उघडी जागा टोचण्याची नसते. पाठ आणि डोक्याची मागची बाजू उघडी असंल तर ते मादीवर चढणाऱ्या नराचं काम, ८-१० माद्यांना एकच नर ठेवायचा. मानेपासनं सुरू होऊन खाली पिसं जात असतील आणि शेडमध्ये पिसांचा सडा असंल तर ती नैसर्गिक झड, भादव्याच्या सुमारास दिवस लहान होत गेले की होते. असीलच्या छातीवर मुळातच पिसं विरळ आणि अंगाला घट्ट, एक मावशी ते बघून आजारी कोंबडी दिली म्हणून भांडायला आलेल्या. उघड्या मानेची गावरान पण जन्मतःच तशी. शेपटीचं बूड उघडं आणि जमीन स्वच्छ, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी खाद्य बघा.

आत्ता आमच्याकडं १४० मोठ्या कोंबड्या आहेत आणि हे लिहितोय तेव्हा त्यातल्या साठेक पिसं टाकायला लागल्यात. त्या दिवसात अंडी जवळजवळ बंद असतात, सगळं प्रोटीन पिसाला जातं, त्यामुळं कराडच्या नेहमीच्या घरांना सांगून ठेवलंय की महिना-दीड महिना ट्रे अर्धा येईल, भाव तोच. खाद्य त्यांचं चालूच आहे, अंडं देत नाय म्हणून एक मूठ पण कमी केलेली नाय. काल संध्याकाळी आई परत तुसात हात घालून बघत होती, मी विचारलं काय गं, तर तिनं मूठभर पिसं काढून दाखवली आणि म्हणाली, "हाईत, खाली हाईत."